नाव पुसलेला देव

जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोव्हर नावाच्या लहानशा गावी, नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात शाळेचे अधिकारी आले आणि चार परिच्छेदांचे एक निवेदन वाचून निघून गेले. डार्विनचा सिद्धांत हा केवळ एक सिद्धांत आहे, त्याला वस्तुस्थिती समजू नये. त्यात पुरावा नसलेल्या फटी आहेत. सजीवांच्या उगमाचे ‘इंटेलिजंट डिझाइन’, म्हणजे कोणा बुद्धिमान कर्त्याने केलेली रचना, असेही एक स्पष्टीकरण आहे. ते समजून घ्यायचे असेल त्यांच्यासाठी ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे पुस्तक उपलब्ध आहे. आणि जीवनाच्या उगमाची चर्चा ज्याने त्याने आपल्या घरच्यांशी करावी, असा त्याचा आशय होता. ज्या मुलांना ऐकायचे नसेल त्यांना वर्गाबाहेर जाण्याची मुभा होती. प्रश्न विचारण्याची मुभा मात्र कोणालाच नव्हती.

हे निवेदन खरे म्हणजे शिक्षकांनी वाचायचे होते. विज्ञानाच्या शिक्षकांनी त्याला नकार दिला. जे विज्ञान नाही ते विज्ञान म्हणून मुलांपुढे ठेवणे आमच्या पेशाच्या नीतीत बसत नाही, असे त्यांनी लेखी कळवले. म्हणून अधिकाऱ्यांना यावे लागले.

या निवेदनावरून अकरा पालकांनी खटला भरला होता. सहा आठवडे सुनावणी झाली आणि २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानांचा निकाल दिला. ‘किट्झमिलर विरुद्ध डोव्हर’ या नावाने तो ओळखला जातो. त्या निकालपत्राविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे. वारकऱ्यांच्या मासिकात याचे काय काम, असे आपल्या मनात येईल. विज्ञानाच्या बाजूने उभे असणाऱ्यांनी या निकालावर पुष्कळ लिहिले, विज्ञान जिंकले म्हणून लिहिले, आणि ते बरोबरही आहे. पण माळ घातलेल्या माणसाने तो वाचला तर त्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. देवाला शाळेत नेण्यासाठी निघालेल्या माणसांनी वाटेत देवाचेच काय केले, याची ती साद्यंत हकिकत आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारला कोणत्याही धर्माची स्थापना करू देत नाही, आणि सरकारी शाळा हा सरकारचाच हात. १९२५ साली टेनेसी राज्यात डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला झाला. त्याला शंभर डॉलर दंड झाला आणि पुढे तांत्रिक कारणावरून ती शिक्षा रद्द झाली. त्या काळी धर्माभिमान्यांचे म्हणणे सरळ होते : आमच्या बायबलाविरुद्ध आमच्या मुलांना शिकवू नका. १९६८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घटनाबाह्य ठरवली. मग बायबलातली उत्पत्तीची कथा ‘सृष्टिविज्ञान’ असे नाव घेऊन आली आणि उत्क्रांतीइतकाच वेळ मागू लागली. १९८७ साली लुइझियाना राज्याचा तसा कायदाही सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. इथपर्यंत बायबल निदान बायबल म्हणूनच उभे होते, हे लक्षात ठेवा.

आता ते पांडाचे पुस्तक. निकालपत्रातला सर्वांत वाचनीय भाग या पुस्तकाच्या जन्मकथेचा आहे. पुस्तक १९८९ साली छापले गेले, पण त्याचे मसुदे त्याआधी कित्येक वर्षे तयार होत होते. न्यायालयाच्या आदेशाने ते मसुदे बाहेर आले. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक बार्बरा फॉरेस्ट यांनी ते एकापुढे एक ठेवून वाचले, तेव्हा दिसले की आधीच्या मसुद्यांत ‘क्रिएशन’ म्हणजे सृष्टीची निर्मिती हा शब्द आणि त्याची रूपे जागोजाग होती. १९८७ चा निकाल लागला आणि त्यानंतरच्या मसुद्यांत सुमारे दीडशे ठिकाणी तो शब्द जाऊन ‘डिझाइन’ हा शब्द आला. व्याख्या जवळजवळ जशीच्या तशी राहिली. एका मसुद्यात तर जुना शब्द पुसताना इतकी घाई झाली की ‘क्रिएशनिस्ट्स’ या शब्दाच्या पोटात ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ हे नवे शब्द अडकून बसले आणि ‘सीडिझाइन प्रोपोनंटसिस्ट्स’ असे काहीतरी विचित्र तयार झाले. डोके जुन्या शब्दाचे, शेपूट जुन्या शब्दाचे, मध्ये नवा शब्द. उत्क्रांती नाकारणाऱ्या पुस्तकात सापडलेला हा मधल्या अवस्थेचा सांगाडाच म्हणायचा!

हसून झाले की क्षणभर थांबा. इथे काय पुसले गेले? सृष्टी ‘निर्माण’ झाली असे म्हटले की निर्माण करणारा आला, आणि त्याला नाव आले. ते नाव कायद्याला चालत नव्हते, म्हणून ते काढले. हा बुद्धिमान कर्ता कोण असे विचारले तर सांगायचे, विज्ञान ते सांगू शकत नाही; परग्रहावरचा कोणी असेल, नाहीतर काळातून प्रवास करणारा एखादा शास्त्रज्ञ असेल. न्यायाधीशांनी ही उत्तरे नोंदवून घेतली आहेत आणि त्यांवर कोणी गंभीरपणे विश्वास ठेवत नाही हेही लिहिले आहे. या विचाराचे प्रमुख शास्त्रज्ञ मायकेल बीही यांनी आपल्याला स्वतःला तो कर्ता देवच वाटतो, असे न्यायालयात मान्य केले. म्हणजे रविवारी प्रार्थनागृहात त्याला नाव आहे आणि सोमवारी वर्गात नाही. देवळात शिरताना आपण चपला बाहेर काढतो. इथे शाळेत शिरताना देवाचे नाव बाहेर काढून ठेवायचे होते.

आपल्या संप्रदायात साधनांची फार मोठी यादी नाही. जे आहे ते नाम आहे. ते उघड्यावर घ्यायचे आहे, दिंडीत, भर रस्त्यात, टाळ वाजवत, बघणारा हसला तरी चालेल अशा बेताने. नामदेवरायांनी ते पंजाबपर्यंत नेले ते नाव लपवून नव्हे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या तेव्हा त्यांना सोपा मार्ग होता : विठ्ठल हा शब्द गाळून चार नीतिवचने लिहायची. कोणी काही म्हणाले नसते. नाव गाळले की बाकी जे उरते ते कोणालाही अडचणीचे नसते, आणि कोणाच्या उपयोगाचेही नसते. म्हणून पांडाच्या पुस्तकातला तो शब्दबदल मला कायद्याच्या पळवाटेपेक्षा मोठा वाटतो. तिथे भक्तीनेच आपला प्राण काढून दिला, आणि कोणी मागितलेला नसताना दिला. त्या गावात कोणत्याही मुलाला प्रार्थना करायला बंदी नव्हती. प्रार्थनागृहे उघडी होती. घरे उघडी होती.

बीही यांच्या साक्षीकडे वळू. त्यांना उगाच हास्यास्पद ठरवणे बरोबर नाही. ते विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ आहेत, सजीवांचे पूर्वज समान आहेत हे त्यांना मान्य आहे. त्यांचे म्हणणे एवढेच की सजीवांत काही यंत्रे अशी आहेत की त्यांतला एक भाग काढला तर सगळे बंद पडते. अशी यंत्रे हळूहळू, थोडी थोडी करून घडणे शक्य नाही. ती एकदम, कोणीतरी विचारपूर्वक जुळवलेली असली पाहिजेत. उंदराच्या सापळ्याची उपमा ते देतात. त्यांचे आवडते उदाहरण म्हणजे काही जिवाणूंना असणारी कशाभिका, पोहण्यासाठी गरगर फिरणारी शेपटी. तिच्या बुडाशी खरोखरच मोटारीसारखी रचना असते. सूक्ष्मदर्शकाची चित्रे पाहिली तर आपणही तोंडात बोट घालू.

पालकांच्या बाजूने केनेथ मिलर हे जीवशास्त्रज्ञ साक्षीला होते. तेही बीहींप्रमाणेच कॅथलिक. त्यांनी दाखवले की त्या शेपटीतले बहुतेक भाग काढून टाकले, बुडाचे दहाएक तेवढे ठेवले, तरी उरलेले यंत्र निकामी होत नाही. काही जिवाणूंत नेमके तसलेच यंत्र सुईसारखे वापरले जाते आणि त्यातून ते दुसऱ्या पेशीत विष टोचतात. १८९७ साली ज्याने पुणे ओस पाडले त्या प्लेगच्या जिवाणूकडे ही सुई आहे. आपल्यासाठी यात विज्ञानाच्या पलीकडचाही एक प्रश्न आहे. शेपटी जर देवाची खास कारागिरी, तर सुई कोणाची? एक अवघड यंत्र पाहून ‘हे मात्र त्यानेच केले’ असे म्हटले की ते दुसरेही त्याच्याच खात्यावर मांडावे लागते, तेही कारागिराच्या हेतूसकट. बीही यांना प्रतिकारशक्तीच्या उत्क्रांतीवरचे अठ्ठावन्न शोधनिबंध आणि अनेक ग्रंथ यांचा ढीग दाखवण्यात आला, तेव्हा ते पुरेसे नाहीत असे त्यांनी सांगितले. फट बुजत चालली तरी ती बुजली नाही असे म्हणत राहण्याची वेळ त्यांच्यावर आली, कारण त्यांनी देव त्या फटीत ठेवला होता.

विसोबा खेचरांची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. गोरोबाकाकांच्या थापटीने कच्चे ठरलेले नामदेव गुरूच्या शोधात जातात आणि पाहतात तो एक म्हातारा देवळात शिवलिंगावर पाय ठेवून पडला आहे. नामदेव रागावतात. म्हातारा म्हणतो, बाबा, मला उठवत नाही, जिथे देव नसेल तिथे तूच माझे पाय ठेव. नामदेव पाय उचलून जिथे ठेवायला जातात तिथे पिंड. ही गोष्ट डोव्हरच्या न्यायालयात सांगायला हवी होती, असे मला निकाल वाचताना राहून राहून वाटले. ज्याला देव जिवाणूच्या शेपटीतच सापडतो, त्याने बाकीच्या साऱ्या सृष्टीत पाय ठेवायला जागा मोकळी करून दिली आहे. पाऊस कसा पडतो हे कळले, तिथे देव नाही. बी कसे रुजते ते कळले, तिथेही नाही. आता एका शेपटीपुरता उरला आहे, आणि त्या शेपटीवरही प्रयोगशाळेत काम चालू आहे. नामदेव कच्चे होते ते देव एकाच ठिकाणी आहे असे समजल्यामुळे. डोव्हरच्या मंडळींचा तर देव दर वर्षी जागा बदलणार!

जॉन हॉट या धर्मशास्त्राच्या कॅथलिक प्राध्यापकांची साक्ष याच्या जवळ जाते. त्यांनी चहाच्या किटलीचे उदाहरण दिले. पाणी का उकळते? पाण्याचे रेणू वेगाने हलतात म्हणून. पाणी का उकळते? मी गॅस पेटवला म्हणून. पाणी का उकळते? मला चहा हवा आहे म्हणून. तिन्ही उत्तरे खरी आहेत, आणि ती एकमेकांच्या जागेवर बसत नाहीत. रेणूंचा अभ्यास करणाऱ्याने ‘इथे चहाची इच्छा सापडली नाही’ म्हणू नये, आणि चहा मागणाऱ्याने ‘रेणू हलतच नाहीत, माझ्या इच्छेनेच पाणी उकळते’ असेही म्हणू नये. अद्वैताची चर्चा ऐकलेल्या आपल्या श्रोत्याला हे समजायला दोन मिनिटेही लागणार नाहीत. पारमार्थिक आणि व्यावहारिक यांतला भेद आपल्या प्रवचनांत नेहमीच येतो.

निवेदनातल्या ‘केवळ एक सिद्धांत’ या शब्दांविषयी थोडे. इंग्रजीत ‘थिअरी’ म्हणजे बोलीभाषेत अटकळ आणि विज्ञानात पुराव्यांनी पक्की झालेली मांडणी. निवेदन लिहिणाऱ्यांनी त्या दुहेरी अर्थाचा फायदा घेतला. मराठीत आपण आणखी वेगळा घोटाळा करून ठेवला आहे. आपण ‘उत्क्रांतिवाद’ म्हणतो. द्वैतवाद, अद्वैतवाद, मायावाद या पंक्तीत तो जाऊन बसतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की हाही एक पक्ष, याचाही कोणी पूर्वपक्ष असेल, कोणी उत्तरपक्ष. गुरुत्वाकर्षणवाद असे कोणी म्हणत नाही. बीही यांना उलटतपासणीत विचारले गेले की तुमच्या व्याख्येप्रमाणे फलज्योतिषही वैज्ञानिक सिद्धांत ठरेल का? ठरेल, असे त्यांना म्हणावे लागले. दाराची चौकट एकाला आत घेण्यासाठी रुंद केली की मागून कोण कोण येते ते असे कळते.

आता निकालपत्रातला दुःखाचा भाग. ग्रंथालयात ठेवलेल्या पांडाच्या साठ प्रती कोणी दिल्या, हे मंडळाचे सदस्य शपथेवर सांगेनात. शेवटी उघड झाले की मंडळातल्याच एका सदस्याने आपल्या प्रार्थनागृहात वर्गणी गोळा केली होती आणि ते पैसे दुसऱ्या सदस्याच्या वडिलांमार्फत पुस्तकांसाठी गेले होते. हे कळल्यावर न्यायाधीशांनी वकिलांना बाजूला ठेवून त्या सदस्याला स्वतः प्रश्न विचारले. हे न्यायाधीश काही धर्माचे वैरी नव्हते. रिपब्लिकन पक्षाचे, राष्ट्राध्यक्ष धाकटे बुश यांनी नेमलेले. निकालात त्यांनी जे लिहिले त्याचा आशय असा की चारचौघांत आपल्या धर्मनिष्ठेचा अभिमानाने उच्चार करणारी माणसे आपला हेतू लपवण्यासाठी वारंवार खोटे बोलली, हा मोठा विपर्यास आहे. मंडळाने ठराव सहा विरुद्ध तीन मतांनी केला, त्या वेळी विरोधात मत देणाऱ्या एका सदस्यबाईंनी राजीनामा देताना सांगितले की सहकाऱ्यांनी मला किमान दोनदा विचारले, तुमचा धर्मात नवा जन्म झाला आहे का? म्हणजे आपल्याकडे ग्रामपंचायतीत पाण्याच्या टाकीवर बोलायला उठलेल्याला आधी ‘माळ कुठे आहे?’ असे विचारण्यासारखेच. बुवाबाजी आणि दंभ यांवर संतांनी जे कोरडे ओढले ते परक्यांवर नव्हते, आपल्यांवरच होते. म्हणून त्या मंडळाची फजिती वाचताना मला हसू कमी येते.

निकालपत्राची स्तुती एवढी पुरे. त्यात मला दोन उणिवा वाटतात.

पहिली : विज्ञान म्हणजे काय, याचा निवाडा न्यायाधीशांनी पानेच्या पाने केला आहे. लिहिला उत्तम आहे. नवख्याला समजेल असा आहे. पण त्याची गरज होती का? मंडळाचा हेतू धार्मिक होता एवढे सिद्ध झाल्यावर घटनेनुसार खटला संपत होता. न्यायाधीशांचे म्हणणे असे की एवढ्या तपशीलवार सुनावणीनंतर प्रश्न तडीस लावला नाही तर दुसऱ्या गावी पुन्हा तेवढाच पैसा आणि वेळ जाईल. ते पटण्यासारखे आहे. तरीही काय विज्ञान आहे हे न्यायालयाने ठरवावे, ही सवय चांगली नव्हे. आज एका न्यायाधीशाने बरोबर लिहिले, उद्या दुसरा चूक लिहील, आणि तेव्हा आपल्याला काय म्हणता येईल? शिक्षकांनी नकार देताना जे एका पत्रात म्हटले ते त्यांचे काम होते, आणि ते त्यांनी आधीच केले होते.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. उत्क्रांती आणि ईश्वर यांच्यात कसलाही विरोध नाही, असे तज्ज्ञांच्या साक्षीच्या आधारे न्यायाधीश सांगून टाकतात. न्यायालयाला एवढे पुरते. भक्ताला पुरत नाही. डार्विनने १८६० साली आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात एक जातीच्या गांधीलमाशीचा उल्लेख आहे. तिच्या अळ्या जिवंत सुरवंटाला आतून खात वाढतात. दयाळू ईश्वराने असा जीव मुद्दाम निर्माण केला असेल हे त्याला पटेना. उत्क्रांती शिकायची तर हेही शिकायचे आहे : सृष्टीत जे टिकले ते अगणित जीव मरून टिकले. हा प्रश्न ‘विरोध नाही’ या एका वाक्याने मिटवता येत नाही, आणि इंटेलिजंट डिझाइनने तो अधिकच चिघळतो, कारण मग त्या अळीचाही कोणी बुद्धिमान योजक मानावा लागतो. माउलींनी अकरावा अध्याय सांगताना विश्वरूपाची भयानकता झाकली नाही. ज्या मुखात सारे योद्धे शिरताना दिसतात ते पाहून अर्जुन थरथरतो आणि पुन्हा सौम्य रूप मागतो. ज्या परंपरेने देवाचे ते रूप पाहून ठेवले आहे तिने डार्विनच्या गांधीलमाशीला भिण्याचे कारण नाही. पण तिच्याकडे पाहावे मात्र लागेल. तिथल्या धर्माभिमान्यांनी पाहिले नाही, आणि निकालपत्रानेही सौजन्याने नजर फिरवली.

हे सगळे सातासमुद्रापलीकडचे, असे म्हणून पान उलटू नका. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद शहरात केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी सांगितलेले नाही, अभ्यासक्रम बदलला पाहिजे, असे जाहीरपणे सांगितले. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्रित निवेदन काढून ते खोडले. पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातल्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातून उत्क्रांती गेली, आनुवंशिकता राहिली. अभ्यासाचा भार कमी करण्यासाठी असे कारण देण्यात आले. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे. पण दहावीनंतर जीवशास्त्र घेणारी मुले किती? आपल्या बालभारतीच्या २०१८ सालच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात, दुसऱ्या भागात, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे, याचे मला समाधान वाटते.

आणि आपल्या प्रवचनांत, क्वचित कीर्तनातही, एक वाक्य हमखास टाळ्या घेते. डार्विनने सांगितले ते आमच्या दशावतारांत आधीच आहे : मासा पाण्यातला, कासव पाण्यातले आणि जमिनीवरचे, मग वराह, मग अर्धा पशू अर्धा माणूस, मग बुटका, मग पूर्ण माणूस. ही जुळवाजुळव संतांची नाही. मॅडम ब्लॅव्हॅट्स्की यांनी ती १८७७ साली आपल्या इंग्रजी ग्रंथात मांडली, डार्विनचा ग्रंथ १८५९ साली निघाल्यानंतर. जीवशास्त्र म्हणूनही ती टिकत नाही. उत्क्रांती ही एकावर एक पायऱ्यांची शिडी नसून फांद्या फुटत गेलेले झाड आहे. राम आणि कृष्ण यांच्यात कोणता शारीरिक बदल झाला, हे कोणी सांगत नाही. पण जीवशास्त्राचे नुकसान सोडा, आपले काय होते ते पाहा. नरसिंह खांबातून आला तो प्रल्हादाने हाक मारली म्हणून. त्याला पशू आणि मानव यांच्यामधली अवस्था ठरवले की प्रल्हादाची गरजच उरत नाही. हाक गेली, भक्त गेला, खांब तेवढा राहिला. हेही नाव पुसणेच आहे. फक्त तिथे कायद्याच्या भीतीने पुसले आणि इथे शाबासकीच्या लोभाने. आमचा देव विज्ञानाच्या परीक्षेत पास झाला, असे सांगताना आपण त्याला परीक्षार्थी केले, हे ध्यानात येत नाही. आणि विटेवरचा पांडुरंग या तक्त्यात कोणत्या अवस्थेत बसवायचा? तो तर अठ्ठावीस युगे हललाच नाही!

आपल्या राज्यघटनेचे अठ्ठाविसावे कलम पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देऊ देत नाही. काहींना ते बोचते. मला वाटते संप्रदायाने ते आपले कवच मानावे. १९१७ साली विष्णुबुवा जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हा सरकारी शाळेचा एक तास त्यांनी मागितला नव्हता. ज्ञानेश्वरी जिथे ज्ञानेश्वरी म्हणून शिकवता येईल, नाव घेऊन, टाळ-मृदंगासह, अशी जागा त्यांनी उभी केली. तिथून निघालेल्या कीर्तनकारांना कोणत्याही फटीत देव लपवावा लागला नाही.

डोव्हरच्या मतदारांनी निकालाची वाट पाहिली नाही. नोव्हेंबर २००५ च्या निवडणुकीत उभ्या असलेल्या आठही जुन्या सदस्यांना त्यांनी घरी बसवले. यावर एका प्रसिद्ध दूरचित्रवाणी-धर्मोपदेशकाने त्यांना बजावले की आता गावावर संकट आले तर देवाकडे वळू नका, तुम्ही त्याला हाकलले आहे. (शाळा मंडळातून हाकलला जाणारा देव असतो, हे मला त्यांच्याकडूनच कळले.) न्यायाधीशांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि काही काळ संरक्षण घ्यावे लागले. नव्या मंडळाने ३ जानेवारी २००६ रोजी जुने धोरण रद्द केले. पालकांच्या वकिलांचा खर्च म्हणून दहा लाख अकरा डॉलर शाळेच्या तिजोरीतून गेले.

त्या निवेदनातल्या एका गोष्टीशी मी सहमत आहे. जीवनाच्या उगमाविषयी मुलांनी घरी बोलावे, असे त्यात म्हटले होते. उद्या आपल्याकडची दहावीतली नात शाळेतून येईल, विज्ञानाचा पहिला धडा झालेला असेल, आणि हरिपाठाला बसलेल्या माळकरी आजोबांना ती विचारेल, आपले पूर्वज कोण होते हो? तेव्हा तिला गप्प बसवायचे नाही. अर्जुन गप्प बसला असता तर गीता पहिल्या अध्यायातच संपली असती. आजोबांनी हरिपाठ पुरा करावा, चष्मा लावावा, आणि तिचे विज्ञानाचे पुस्तक मागून घेऊन तो धडा तिच्या शेजारी बसून वाचावा.